धुराचा पत्ता

फाटक पडलं आहे आणि तुमच्या पुढे दहा-बारा गाड्या आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या माणसाला याचं काही वाटत नाही, पण तुम्ही आज पाहुणे आहात. म्हणून चुळबुळता, मोटारसायकल चालूच ठेवता. शेजारी सायकलला दुधाच्या कॅन अडकवून उभा असलेला म्हातारा तुमच्याकडे बघतो.

"बंद करा न भाऊ गाडी. पेट्रोल कायले जाळून रायले? हे रेक गेल्याबिगर गेट नाई उघडत."

तुम्ही गाडी बंद करता. मार्च संपत आलाय, सकाळचे अकरा वाजलेत. तोंडाला रुमाल आहे. तो उन्हासाठी की धुळीसाठी, हे इथे कोणी विचारत नाही. समोरून कोळशाच्या वाघिणी सरकतायत, काठोकाठ भरलेल्या. पूर्ण रेकमध्ये अठ्ठावन्न-एकोणसाठ असतात. तुम्ही मोजायला लागता आणि सतराव्या वाघिणीला फोन वाजतो. भाच्याचा मेसेज आहे.

"मामा, कॉलेजात वादविवाद आहे. विषय : डोंगरातल्या लांब बोगद्यांतून विजेची तार न्यावी की नाही. माझी चिठ्ठी 'नाही'ची निघाली. मुद्दे सांगा ना."

तुम्हाला हसू येतं. कोणाला विचारतोय आणि कुठे असताना! इथे डोंगर आहेत ते खाणीवरची माती उपसून रचलेले ढिगारे. वर्धा नदीच्या काठची ही सपाट काळी जमीन. बोगदा कुठून आणायचा? (हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. तो आपण चुकीचा विचारलाय, हे पुढे कळेल.)

एका वाघिणीच्या कडेवरून कोळशाचा एक तुकडा घरंगळतो, रुळाच्या खडीवरून उड्या मारत तुमच्या बुटापाशी येऊन थांबतो. लिंबाएवढा. तुम्ही तो उचलता. एका अंगाला आरशासारखी चकाकी, दुसऱ्या अंगाला हाताला लागणारी काजळी. तुम्ही मूठ मिटता.

मूठ उघडता तेव्हा पाऊस पडतोय.

कसारा. ऑगस्ट १९२७. थळ घाटाच्या पायथ्याशी मालगाडी उभी आहे आणि तिला मागून रेटायला लावलेल्या इंजिनावर तुम्ही चढलेले आहात. डोंगर दिसत नाही, नुसतं धुकं. नऊ-सव्वानऊ मैलांत ९७२ फूट चढायचंय. कडक चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलात की एक फूट वर. कागदावर हे किरकोळ वाटतं. लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर, तेही पावसात, हा चढ कड्यासारखा वाटतो. १ जानेवारी १८६५ ला हा घाट सुरू झाला तेव्हापासून वाटेत तेरा बोगदे आहेत.

फायरमन इगतपुरीकडचा आहे. त्याचा सदरा मूळ कोणत्या रंगाचा असेल याचा अंदाज येत नाही. तो भट्टीचं दार उघडतो, फावडं भरतो, मागच्या कोपऱ्यात टाकतो; पुन्हा भरतो, पुढच्या कोपऱ्यात टाकतो. एका जागी ढीग पडला की धूर वाढतो, म्हणून पोळीला तेल लावावं तसा कोळसा पसरायचा. हा कोळसा चांद्याकडचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडचा असेल, बंगालचाही असेल. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्येच बंद झाली. तिच्यासाठी वर्ध्याहून मुद्दाम फाटा टाकला होता. भट्टीला कोळशाची जात विचारता येत नाही. तो फक्त कमी राखेचा असावा, एवढीच फायरमनची प्रार्थना असते.

"फडकं भिजव," तो ओरडतो. "तोंडाला बांध. बोगदा आला का खाली बस, वाकून. खालची हवा बरी असते."

पुढचं इंजिन शिट्टी देतं. आपलं उत्तर देतं. गाडी हलते.

पहिला बोगदा येतो तो आवाजानं. उघड्यावर सांडणारा सगळा धडधडाट अचानक भिंतींना आपटून तुमच्या डोक्यावर येतो. मग अंधार. मग गरम वाफ. आणि मग धूर, पण तुमच्या इंजिनाचा नव्हे. पुढच्या इंजिनानं ओकलेला धूर छताला लागून मागे वाहत येतो, तुमच्या इंजिनाचा त्यात मिसळतो, आणि मागच्या इंजिनावरची माणसं त्या मिश्रणात घुसतात. डोळे मिटता तरी झोंबतात. भट्टीच्या फटीतून येणाऱ्या तांबड्या उजेडात फायरमनचे फक्त गुडघे दिसतात. तोही बसलाय. बोगद्यात शिरण्याआधीच त्यानं आग फुलवून ठेवली होती. आत फावडं चालवायचं नाही, नवा कोळसा पडला की काळा धूर उठतो.

या धुरातला जीव घेणारा भाग दिसत नाही आणि त्याला वासही नाही. अर्धवट जळलेल्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड. डोकं जड होतं, हातपाय सैल पडतात, झोप आल्यासारखं होतं. म्हणून जुने फायरमन बोगद्यात एकमेकांशी बोलत राहतात, निदान शिव्या तरी देतात.

आणि नेमकं आत चाक घसरतं. बोगद्यातला रूळ कधी सुकत नाही. वरून पाणी ठिबकतं, त्यात काजळी मिसळते, वर ओशट थर बसतो. चाकं जागच्या जागी गरगर फिरतात, चिमणीतून फाडफाड आवाज येतो, गाडी जवळजवळ थांबते. ड्रायव्हर वाळूचा खटका ओढतो. चाकाखाली वाळू पडते. एक क्षण काहीच होत नाही. धूर आता कुठेही जात नाही, तो तुमच्याबरोबर थांबलाय. मग चाक धरतं. पुढे करडा उजेड दिसतो, पाऊस तोंडावर येतो आणि फायरमन फडकं सोडून बाहेर थुंकतो. काळं.

"झाला एक," तो म्हणतो. "बारा राहिले."

बोगद्याचा त्रास माणसांपुरता नव्हता. धुरातलं गंधक पाण्यात मिसळून आम्ल होतं आणि ते रूळ, खिळे, बोल्ट खात राहतं. म्हणजे इंजिन स्वतःचाच रस्ता कुरतडत चढत असे. घाटात तार आणायचं ठरलं ते काही फायरमनच्या फुप्फुसांकडे पाहून नव्हे, हे भाच्यानं लिहून घ्यावं. मुंबईची गर्दी वाढली, माल वाढला, घाटातून दिवसाकाठी गाड्या जाऊ शकतील तेवढ्याच जात होत्या. तार आली ती या गाठीवर उपाय म्हणून. फुप्फुसं वाचली ती वरकड कमाई.

तीन वर्षं पुढे या. १९३०. तोच कसारा, तोच पाऊस. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली. १९२९ मध्ये तार कल्याणहून बोरघाट चढून पुण्याला पोचली आणि आता ती थळ घाट चढून इगतपुरीपर्यंत आलीय. १५०० व्होल्ट, डीसी. तारेखाली उभं आहे ते इंजिन तुम्ही आधी पाहिलं नसेल : मधे माणसांची खोली, पुढेमागे दोन लांबट नाकं, आणि चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या. विंटरथूरच्या स्विस कारखान्यातला आराखडा. चालायला लागलं की ते कण्हतं आणि डुलतं. रेल्वेतल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं खेकडा. सरकारी नाव पुढे डब्ल्यूसीजी-१ झालं, पण ते कोण उच्चारणार?

खेकडा बोगद्यात शिरतो आणि तुम्ही सवयीनं खाली वाकता. कोणी तरी हसतं. अंधार तोच, ठिबकणारं पाणी तेच. फक्त श्वास घेता येतो. समोरची भिंत दिव्याच्या उजेडात दिसते, तिच्यावर पासष्ट वर्षांची काजळी आहे आणि ती आता वाढत नाही. उतारावरून येणाऱ्या खेकड्याची तर वेगळीच करामत. त्याच्या मोटारी उलटं काम करून वीज तयार करतात आणि ती तारेत परत ओततात. वर चढणारी गाडी तीच उचलते. एकाचं उतरणं दुसऱ्याच्या चढण्याला कामी येतं. मला विचाराल तर घाटातल्या विजेची सगळी गंमत या एका गोष्टीत आहे. धूर गेला याहूनही मोठी.

पण थांबा. ही वीज येते कुठून? तारेला धरून खाली या. सत्तर किलोमीटरवर ठाकुर्ली आहे. चोळे गावाशेजारी रेल्वेनं स्वतःचं वीजघर बांधलंय. आत बॉयलर आहेत, बाहेर चिमण्या आहेत आणि सायडिंगवर वाघिणी उभ्या आहेत. भरलेल्या. काळ्या.

धूर सत्तर किलोमीटर सरकलाय.

हे ऐकून भाचा टाळ्या वाजवील, कारण त्याची बाजू 'नाही'ची आहे. त्याला सांगा, इतकी घाई नको. वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेचे शंभरातले जेमतेम सहा-सात भाग चाकापर्यंत पोचवायचं. बाकी सगळं चिमणीतून आकाशात. वीजघराचा मोठा बॉयलर याच्या कितीतरी पट कामाचा. तेव्हा धूर नुसता सरकला नाही, कमीही झाला. आणि उंच चिमणीतून उघड्यावर गेलेला धूर आणि बोगद्याच्या छताखाली कोंडलेला धूर यांत काय फरक असतो, ते बघायला एक रात्र इटलीला जाऊन या.

तिथे फार वेळ थांबवणार नाही. मार्च १९४४, दक्षिण इटलीतलं बाल्वानो. युद्ध चालू आहे. मालगाडी आहे, पण तिच्यावर शेकडो माणसं लटकून चढली आहेत. कोणी धान्य आणायला निघालंय, कोणी विकायला. वाफेची दोन इंजिनं आहेत आणि निकस कोळसा. आर्मी नावाच्या बोगद्यात चढावर चाकं घसरतात. वाळू टाकतात, पुन्हा घसरतात. गाडी थांबते. आत मारामारी नाही, आग नाही, ओरडाही फारसा नाही. लोक झोपून गेले. पाचशेहून अधिक. सकाळी आत गेलेल्यांना कित्येक माणसं बसल्या जागी बसलेली दिसली.

कसाऱ्याचे जुने फायरमन बोगद्यात शिव्या का देत होते, ते आता कळलं.

युरोपातल्या शहाण्यांनी हे आधीच ओळखलं होतं. आल्प्सच्या पोटातला सिंप्लॉन बोगदा सुमारे वीस किलोमीटरचा. १९०६ मध्ये उघडला तोच विजेवर. अमेरिकेत मात्र गंमत झाली. वॉशिंग्टन राज्यातला साडेबारा किलोमीटरचा कॅस्केड बोगदा जानेवारी १९२९ मध्ये सुरू झाला, म्हणजे आपल्या बोरघाटात तार आली त्याच वर्षी. तिथेही तार होती. १९५६ मध्ये डिझेलवाल्यांनी ती काढून टाकली. एका तोंडाला दरवाजा बसवला आणि प्रचंड पंखे लावले. गाडी जाते, मग दरवाजा लावून पंख्यांनी धूर ढकलून काढायचा, यात अर्धा तासही जातो. तोवर पुढच्या गाडीनं थांबायचं. आजही तसंच चाललंय. 'नाही'च्या बाजूला द्यायला हे उदाहरण चांगलं आहे, फक्त अर्धा तास त्यातून गाळायचा.

आता घरी या. म्हणजे कोकणात.

गणपतीच्या आधीचा आठवडा, २००९. जनरलच्या डब्यात दाराशी तुम्हाला एक पाय ठेवायला जागा मिळालीय. दुसरा पाय कोणाच्या तरी बोचक्यावर आहे. गाडी उक्षी सोडते. एक म्हातारी बाई पदर नाकाला लावते आणि सगळ्या डब्याला म्हणते, "खिडक्यो लावा रे, करबुडो इलो." रत्नागिरीची माणसं हसतात, ही सावंतवाडीची दिसते.

करबुडे. साडेसहा किलोमीटर. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे सगळी सुरू झाली तेव्हा देशातला सगळ्यांत लांब रेल्वे बोगदा हाच. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे. सह्याद्रीच्या पायाला इतकी भोकं पाडणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात आदर आहे, हे सांगून ठेवतो, कारण पुढे तक्रार करायचीय.

डिझेलचा धूर कोळशाच्या धुरासारखा झोपवून मारत नाही, पण खवखवतो. खिडक्या लावूनही तो फटींतून येतो. सहा-सात मिनिटं. एक पोर रडायला लागतं. बाहेर अंधारात अधूनमधून दिवे मागे पळतात. मग भोके येतं, खिडक्या धडाधड वर जातात आणि सगळा डबा एकदम बोलायला लागतो. तुमचा त्रास संपला. रत्नागिरीला उतराल, नाक शिंकराल, रुमालावर काळा डाग बघाल आणि विसराल.

पण तुम्ही इथे उतरायचंय. बोगद्यातच. भिंतीत माणूस उभा राहील एवढा कोनाडा आहे, त्यात तो उभा आहे : गँगमन. एका हातात बत्ती, दुसऱ्यात लांब दांड्याचा हातोडा. रुळाची चावी ढिली झालीय का बघत तो चालत आलाय. गाडी येताना त्यानं कोनाड्यात पाठ लावली. गाडी गेली आणि आता त्याला बत्तीचा उजेड गुडघ्यापर्यंतही दिसत नाही. हवा खेळती राहावी म्हणून लांब बोगद्यांत मोठे पंखे आहेत, ते घरघरतायत. धूर हलतो, पण जायला वेळ लागतो. तो थांबतो. खोकतो. एवढ्यात पलीकडून दुसरी गाडी येण्याची वेळ झालेली असते.

तुमची सहा मिनिटं, त्याची नोकरी. तार टाकावी की नाही, या वादात त्याला कोणी बोलावत नाही. मला वाटतं पहिलं भाषण त्याचंच हवं.

२०२२ ला या. रत्नागिरी ते थिवी हा शेवटचा टप्पा मार्चमध्ये तपासून झाला आणि २० जूनला सगळा मार्ग विजेचा झाल्याचं पंतप्रधानांनी जाहीर केलं. सात वर्षं लागली, खर्च १,२८७ कोटी. रात्रीचे ब्लॉक घ्यायचे, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात टॉवर वॅगन आत न्यायची, छताला भोकं पाडायची, कंस बसवायचे आणि पुढच्या गाडीसाठी बाहेर यायचं. हे नव्वद बोगद्यांत. बोगद्यात तार टाकणं म्हणजे खांब रोवणं नव्हे. छत खाली, पाणी वर. कोकणात पाऊस चार महिने डोंगरात मुरतो आणि उरलेले महिने बोगद्यात ठिबकतो. पंचवीस हजार व्होल्टच्या इन्सुलेटरवर ओल आणि जुनी डिझेलची काजळी एकत्र बसली की ठिणगी उडते. म्हणून ते पुसत राहावं लागतं. गँगमनला आता श्वास येतो, पण नवा नियमही आलाय : लांब दांडा वर करायचा नाही.

भाच्यासाठी इथे एक प्रामाणिक मुद्दा आहे, तो मी लपवत नाही. कोळशावर वीज करायची, ती तारेतून न्यायची आणि इंजिनानं वापरायची, या सगळ्या वाटचालीत जे हातात उरतं ते चांगल्या डिझेल इंजिनाच्या फार पुढे जात नाही. म्हणजे 'तार आली, पृथ्वी वाचली' असं म्हणणारा माणूस हिशेब न करता बोलतो. शिवाय तार तुटली की सगळं ठप्प, दरड कोसळली की सोडवायला डिझेलच धावतं. दिवसाला दोन गाड्या जाणाऱ्या मार्गावरच्या आखूड बोगद्यासाठी एवढा खटाटोप करू नये, हेही खरं. पण करबुड्यासारखा बोगदा, कोकणसारखी वर्दळ, एकेरी मार्ग आणि आत चालणारी माणसं असली की माझ्यापुरता वाद संपतो. तार हवी.

तर तार हवी. आता तिला हात न लावता, तिच्या मागोमाग उलटं चला. ठाकुर्लीला केलं होतं तसंच.

बोगद्यातून सबस्टेशनला. सबस्टेशनातून मोठ्या मनोऱ्यांवर. इथून पुढे कोणती वीज कोणाची हे सांगता येत नाही, ग्रिड ही गावच्या विहिरीसारखी. पण या विहिरीचा एक झरा तुमच्या ओळखीचा आहे. कल्याणजवळच्या पडघ्याला चला. तिथून एक तार निघते ती ७५२ किलोमीटर सरळ पूर्वेला. ±५०० किलोव्होल्ट डीसी, १५०० मेगावॅट, १९९९ पासून. नाशिक नाही, छत्रपती संभाजीनगर नाही, वाटेत कुठे उतरणं नाही. मराठवाडा ओलांडते, विदर्भात शिरते आणि चंद्रपूरला थांबते. या वाटेनं वीज मुंबईकडे जाते. तुम्ही उलटे आलात.

समोर ऊर्जानगरच्या चिमण्या आहेत. २,९२० मेगावॅट. पट्ट्यावरून कोळसा आत जातोय. सतत. तुम्ही मुठीतल्या तुकड्याकडे बघता. तो अजून तिथेच आहे.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांना गुण दिले. चंद्रपूरला ८३.८८ मिळाले. देशात चौथा नंबर. आमच्या जिल्ह्याला एवढे गुण दुसऱ्या कशात मिळालेले मला आठवत नाहीत. बोगद्यातला धूर बाहेर काढून एका चिमणीला जोडण्याचा मोठा फायदा असा की तिथे गाळणी बसवता येते. राखेसाठी बसवतात. गंधकासाठी? डिसेंबर २०१५ मध्ये देशातल्या औष्णिक केंद्रांसाठी नियम आला, मुदत दोन वर्षांची. ती वाढली. पुन्हा वाढली. २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधकाच्या यंत्रणेतून सूटच मिळाली. कसाऱ्याच्या बोगद्यात रूळ खाणारं ते गंधक. पत्ता बदललाय, स्वभाव तोच.

अजून मागे. पट्ट्यावरून खाली, वाघिणीत, वाघिणीतून सायडिंगला, सायडिंगवरून घुग्घुसच्या जमिनीखाली. आणि इथे तुम्हाला बोगदा सापडतो. मघाशी शोधत होतात ना? जुन्या भूमिगत खाणीच्या गल्ल्या, अंधार, ठिबकणारं पाणी, छताला धरून ठेवलेले कोळशाचे खांब. यांचं विद्युतीकरण करा म्हणून कोणी वादविवाद ठेवत नाही. वर आमराई वॉर्ड आहे. २६ ऑगस्ट २०२२ ला त्या वॉर्डातलं एक घर जमिनीत गेलं. भेग पडली, हादरा बसला, घरची माणसं बाहेर आली आणि बघता बघता भिंती, छप्पर, भांडी सगळं खड्ड्यात. खड्डा इतका खोल की वरून घर दिसेना. जीव वाचले. शेजारच्या घरांतली माणसं सामान काढून हलवली गेली. कोकणातला शेवटचा टप्पा विजेचा झाला त्याच वर्षातला हा ऑगस्ट.

एक पायरी अजून. या थरातून खाली गेलात की सनांचा आकडा लिहायला जागा पुरत नाही. पंचवीस कोटी वर्षांहून अधिक. इथे दलदल आहे, ऊन तिरकं आहे, ग्लॉसोप्टेरिसची जिभेसारखी लांबट पानं पाण्यावर गळून साचतायत. आवाज नाही, पक्षी अजून झालेलेच नाहीत. हवा मात्र अशी आहे की तुम्ही रुमाल सोडता आणि छाती भरून श्वास घेता. घुग्घुसमध्ये.

भोंगा वाजतो. शेवटची वाघीण गेली, गार्डचा डबा गेला. फाटक वर जातंय आणि दोन्हीकडच्या गाड्या एकदम सुटतात, उठलेल्या धुळीत म्हाताऱ्याची सायकल दिसेनाशी होते. तुम्ही गाडी बाजूला घेता आणि भाच्याला लिहिता : "तुझी बाजू हरायला हवी. तार टाकावीच. पण उठून समोरच्यांना एक प्रश्न विचार, बोगद्याचा जमाखर्च मांडताना त्यात घुग्घुसचा रकाना आहे का?"

त्याचं उत्तर येतं : "मामा, घुग्घुस सिलॅबसमध्ये नाही."

तुकडा खिशात टाकता. खिसा काळा होतो.

कोकणात जाल तेव्हा एक करा. करबुडे आला की खिडकी उघडी ठेवा, आता काही होत नाही, डोंगराच्या पोटातली गार हवा येते. मग कधी सवडीनं चंद्रपूरला या आणि घुग्घुसची बस पकडा. शहर मागे पडलं की खिडकी लावून घ्या.